नाव व्हावं असं वाटलं तर भक्ती कमी पडली का?

प्रश्न : मी बरीच वर्षं भक्तिपर कविता लिहिते. मागच्या वर्षी एका अंकात माझी कविता छापून आली आणि खाली नाव दुसऱ्याच बाईंचं. दोन रात्री झोप लागली नाही. मग स्वतःचीच लाज वाटायला लागली, की कविता देवासाठी लिहिली होती ना, मग नावासाठी एवढा जीव का तुटतोय? गीता काढून बसले तर दुसऱ्या अध्यायात अकीर्ती मरणापेक्षा वाईट म्हटलंय आणि बाराव्यात निंदा-स्तुती सारखी मानणारा भक्त देवाला प्रिय. आता यातलं धरायचं काय?

उत्तर : ताई, आधी एक सांगते, त्या दोन रात्रींची लाज अजिबात वाटून घेऊ नका. स्वतःच्या हाताने लिहिलेलं दुसऱ्याच्या नावावर गेलं तर कुणालाही लागतंच, आणि ते लागणं म्हणजे लगेच अहंकार असं नाही.

आता गीतेचं. 'संभावितस्य चाकीर्तिर्मरणादतिरिच्यते' हे वाक्य कुठे येतं बघा, दुसऱ्या अध्यायात 34 व्या श्लोकात. अर्जुन धनुष्य टाकून बसलाय आणि कृष्ण त्याच्याशी त्याला कळणाऱ्या भाषेत बोलतोय, लोक काय म्हणतील, महारथी तुला भित्रा समजतील वगैरे. आणि लगेच 38 व्या श्लोकात तोच कृष्ण म्हणतो, सुखदुःख, लाभ-हानी, जय-पराजय सगळं सारखं मान आणि मग लढ. म्हणजे फक्त 4 श्लोकांत बोलणं लोकांच्या तोंडावरून उठून पार आत गेलं. मला वाटतं नावाची ओढ ही पहिली पायरी म्हणून तिथे ठेवलीय, माणूस उभा राहावा म्हणून, त्याने तिथेच बसून राहावं म्हणून नाही.

पण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा मला दुसरीकडेच सापडतो. दहाव्या अध्यायात कृष्ण स्वतःच्या विभूती सांगतो तेव्हा स्त्रियांमधली कीर्ती मी आहे असं म्हणतो, आणि त्या यादीत श्री, वाणी, स्मृती या सगळ्यांच्या आधी कीर्तीचं नाव आहे. मग तेराव्यात ज्ञानाची लक्षणं सांगताना पहिलंच लक्षण कोणतं, तर अमानित्व, मान नको असणं. आणि सतराव्यात तर स्पष्टच, सत्कार, मान, पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेलं तप राजस आणि ते टिकणारं नाही. म्हणजे कीर्ती देवाची विभूती आणि मानाची हाव मात्र सोडायची. आपण बोलताना हे दोन्ही शब्द एकाच पिशवीत टाकतो, गोंधळ तिथून सुरू होतो.

मान म्हणजे समोर बसून, आत्ता, लोकांनी आपल्याला द्यायचा. कीर्ती म्हणजे आपण तिथे नसताना लोक जे बोलतात ते. कीर्ती आणि कीर्तन एकाच धातूतून आलेत, कुणीतरी तोंडाने सांगायचं, गायचं. ग्रीकांकडेही हीच जोडी आहे बघा, कीर्तीसाठी त्यांचा शब्द 'क्लेऑस', तो ऐकण्याच्या धातूतून आलाय आणि कीर्तीसाठीच्याच आपल्या वेदातल्या 'श्रवस्'चा तो सख्खा भाऊ. ग्रीक महाकवी होमरचं 'अक्षय क्लेऑस' आणि ऋग्वेदातलं 'अक्षित श्रवस्' हे शब्दाला शब्द जुळतात हे 1853 मध्ये जर्मन भाषा-अभ्यासक आडालबर्ट कून यांनी दाखवलं होतं. आणि मानासाठी त्यांचा वेगळा शब्द, 'टिमे'. आता ट्रॉयच्या युद्धावरचं होमरचं महाकाव्य इलियड आठवा, पहिल्याच सर्गात ग्रीक वीर अकिलीसच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस ही बाई सेनापती आगामेम्नॉन हिसकावून घेतो, भरसभेत मान जातो, आणि त्या रागात अकिलीस लढाईतून बाजूला होतो आणि त्याचीच माणसं मरत राहतात. मग नवव्या सर्गात तो म्हणतो माझ्यापुढे दोन वाटा आहेत, इथे लढून मेलो तर अक्षय कीर्ती, घरी गेलो तर लांब आयुष्य पण कीर्ती नाही. आणि होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात तोच अकिलीस मेलेल्यांच्या राज्यात भेटतो तेव्हा काय म्हणतो, तर मेलेल्या सगळ्यांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या शेतावर राबणारा गडी झालेलं परवडलं. मला तर दर वेळी तिथे गलबलून येतं. ज्या कीर्तीसाठी जीव दिला तिचा उपभोग घ्यायला तो स्वतः उरलाच नाही.

म्हणूनच मनाच्या श्लोकांत समर्थ जे म्हणतात ते नीट वाचा. 'देहे त्यागितां कीर्ति मागें उरावी' ही ओळ सगळे म्हणतात, पण त्याच श्लोकात पुढे चंदनासारखं झिजायला सांगितलंय. सहाणेवर चंदनाचं खोड घासताना वास सगळ्या खोलीला येतो आणि खोड मात्र बारीक होत जातं, कीर्ती तिथून येते.

आता तुमच्या नावाचं. संतांनी नाव पुसलं असं आपण म्हणतो, पण प्रत्येक अभंगाच्या शेवटी नाव आहे की! 'तुका म्हणे' नाही तर कोणाचं ते कळणार कसं, गाणं तोंडोतोंडी फिरणार, म्हणून सही ओळीच्या आतच बांधली. फक्त ती कशी बांधलीय ते बघा. एकनाथ महाराज 'एका जनार्दनी' लिहितात, स्वतःचं नाव गुरूच्या नावाला चिकटवून. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. नाव आहे, पण एकटं उभं नाही. तेराव्या अध्यायावर लिहिताना ज्ञानेश्वर अमानी माणसाचं वर्णन करतात, 'चातुर्य लपवी । महत्त्व हारवी । पिसेपण मिरवी । आवडोनि ॥', म्हणजे हुशारी लपवतो, मोठेपण हरवून टाकतो आणि वेडेपण आवडीने मिरवतो, आणि हे लिहिणाऱ्याने स्वतःच्या ग्रंथात 'ज्ञानदेव म्हणे' लिहायला संकोच केला नाही.

प्रश्न : मग छापायला पाठवणंच बंद करू का?

उत्तर : नाही हो, असं नका करू. इंग्रजी कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स 1868 मध्ये जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संन्यासी पंथाचे, झाले तेव्हा त्यांनी आधीच्या कविता जाळल्या आणि जवळजवळ 7 वर्षं फारसं काही लिहिलं नाही, कविता आणि व्रत एकत्र चालत नाही असं वाटून. मग 1875 च्या डिसेंबरमध्ये एक जहाज बुडालं, त्यात 5 नन्स गेल्या, वरिष्ठ सहज म्हणाले की यावर कुणीतरी लिहायला हवं, आणि ती एवढी परवानगी धरून त्यांनी मोठी कविता लिहिली. ती त्यांच्याच पंथाच्या मासिकाने नाकारली. 1889 मध्ये ते गेले, कविता पुस्तक म्हणून आल्या 1918 मध्ये, मित्राने जपून ठेवल्या म्हणून. खरा समीक्षक फक्त ख्रिस्त, असं त्यांनी एका पत्रात लिहिलंय. पण तरीही मित्रांना कविता पाठवतच राहिले, आणि म्हणूनच आज त्या आपल्या हातात आहेत.

तेव्हा तुम्ही त्या संपादकांना साधं पत्र लिहा, अमुक अंकात अमुक कविता माझी आहे, पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. त्या दुसऱ्या बाईंनाही बरं वाटेल, न लिहिलेल्या कवितेचं कौतुक ऐकून घ्यायला त्यांनाही जड जात असेल. आणि नवीन काही लिहून झालं असेल तर तेही त्याच पाकिटात घाला.