चोपडा ते कन्याकुमारी, भाड्याच्या गाडीने

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. डिसेंबरात मी, यजमान, गुडघेदुखीची नणंद आणि पुण्याचा मुलगा असे चौघे चौदा दिवसांसाठी भाड्याच्या गाडीने कन्याकुमारीला जाणार आहोत. वाटेत हंपी, मदुराई, रामेश्वरम. पहिला मुक्काम विजापूर. जळगावच्या एका गाडीवाल्याने ड्रायव्हरसह १५ रुपये किलोमीटर, रोजचे किमान ३०० किलोमीटर आणि ड्रायव्हरभत्ता ५०० असा दर सांगितला. मुलगा म्हणतो, गाडी स्वतः चालवायला घेऊ : दिवसाला २,२०० रुपये, २५० किलोमीटरपर्यंत, पुढे १० रुपये किलोमीटर, डिझेल आपलं. एक लाखात सगळं बसेल का? — एक वाचक, चोपडा

उत्तर : बाई, एका लाखात नाही बसणार. भुसावळ स्टेशनच्या स्टँडवर चोवीस वर्षं गाडी चालवली, त्या अनुभवाने आकडे मांडतो.

रामेश्वरम धरून जाऊन-येऊन साधारण ३,९०० किलोमीटर. गावातलं फिरणं दोनशे. गाडीचं मीटर जळगावच्या गॅरेजपासून सुरू होतं आणि तिथेच बंद होतं, त्याचे आणखी शंभर. झाले ४,२००. पंधराने ६३,००० आणि भत्त्याचे ७,०००, म्हणजे गाडीचेच ७०,०००. टोल-पार्किंगला १०,००० बाजूला काढा. दोन खोल्या, तेरा रात्री, खोलीला १,५०० धरले तर ३९,०००. जेवणखाण माणशी रोज ४५० धरलं तरी २५,०००. अडीअडचणीला थोडे ठेवून दीड लाखाची तयारी करा.

आता त्या किमान ३०० ची अट नीट विचारून घ्या. चौदा दिवसांची सरासरी धरणार, की रोजचा रोज हिशोब? हंपी, मदुराईसारख्या चार ठिकाणी गाडी दिवसभरात चाळीसच किलोमीटर फिरली आणि त्यांनी रोजचा हिशोब लावला, तर न फिरलेल्या हजारेक किलोमीटरचे १५,६०० रुपये जादा जातील. ‘एकूण दिवसांची सरासरी’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच घ्या. बोलाचालीवर सोडू नका.

मुलाचं गणितही करून पाहिलं, गॅरेजचे शंभर सोडून ४,१०० किलोमीटर धरून. भाडं ३०,८००, जादा किलोमीटरचे ६,०००, लिटरला चौदा किलोमीटर आणि ९२ रुपये धरून डिझेल २७,०००. जवळपास ६४,०००. वर डिपॉझिट अडकतं आणि गाडीला ओरखडा आला तर वाद होतो. वाचतात सहा हजार, आणि तेवढ्यासाठी एकटा मुलगा चार हजार किलोमीटर चालवणार. मी तरी असं करू देणार नाही.

कारण सांगतो. उज्जैनहून एक कुटुंब घेऊन परतत होतो. दोन रात्री नीट झोप नव्हती. सेंधव्यापुढे बिजासन घाट उतरताना, पहाटे चारच्या सुमाराला, माझा डोळा लागला. किती सेकंद, मला सांगता येणार नाही. शेजारच्या आजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला, इतकंच म्हणाल्या, “भाऊ, गाडी उभी कर.” डोळे उघडले तेव्हा डावी चाकं डांबर सोडून खडीवर करकरत होती. गाडी उभी केली. आजींनी थर्मासमधला चहा दिला, मी सूर्य उगवेपर्यंत झोपलो आणि कुणीही उठवलं नाही. तो हात अजून मनगटावर जाणवतो.

म्हणून पहिल्याच दिवशी विजापूर नको. चाळीसगावहून कन्नड घाट चढून, संभाजीनगर, सोलापूर करत ते सहाशे किलोमीटरच्या आसपास जातं. पहाटे पाचला निघा आणि तुळजापूरला थांबा. सकाळी भवानीचं दर्शन घेऊन निघालात तरी संध्याकाळी हंपीजवळचं होस्पेट गाठता येतं. अंधार पडल्यावर चालवायचं नाही, हे ड्रायव्हरला निघतानाच सांगा. आणि त्याच्या झोपेची सोय विचारा, बाई. भत्ता दिला म्हणजे तो गाडीतच पाय दुमडून झोपेल, असं धरू नका. लॉजवर त्याच्यापुरती एक खाट मिळते. तुमच्या चौघांचा जीव त्याच्या झोपेवर आहे.

नंबरप्लेट बघूनच आगाऊ पैसे द्या. ड्रायव्हरसह असेल तर पिवळी पाटी, काळी अक्षरं. स्वतः चालवायची असेल तर काळी पाटी, पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी स्वस्तात मिळते, पण ती भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. ऑल इंडिया परमिट आहे का तेही बघा. नसेल तर कर्नाटक, तमिळनाडूचा कर कोण भरणार, हे आधी ठरवा. फास्टॅगचा वार्षिक पास फक्त खासगी गाड्यांना आहे, भाड्याच्या गाडीला तो चालत नाही.

पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा घरून न्या. धाब्यावरची दोन-चार जेवणं तरी वाचतील.

लाखाच्या वर जायचंच नसेल, तर भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेसने बंगळुरूला जा आणि गाडी तिथून सहा-सात दिवसांसाठी घ्या. हंपी सुटेल, तुळजापूरही सुटेल. पण जवळपास अडीच हजार किलोमीटर रस्ता कमी होईल, आणि नणंदबाईंच्या गुडघ्यांना आडवं पडून जाता येईल.