रिसेल फ्लॅटसाठी एजंट २ टक्के दलाली मागतोय, पण त्याच्याकडे महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा) नोंदणी नंबर नाही. द्यावेत का?

फ्लॅट जुन्या सोसायटीतला आहे असं धरून सांगतो. मी स्वतः डोंबिवलीच्या पट्ट्यात एजंट आहे, त्यामुळे उत्तर आमच्या बाजूला झुकलेलं वाटलं तर तेवढं वजा करून वाचा.

नोंदणीपुरतं बोलायचं तर तो बेकायदा काही करत नाहीये. रेरा कायद्याच्या कलम ९ नुसार नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटला. जुन्या सोसायटीतला रिसेल किंवा भाड्याचा व्यवहार त्यात येत नाही. महारेराने २०२३ मध्ये एजंटांना २० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, आणि प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे २० हजार जणांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित केली. बरंच झालं. सकाळी दुकान आणि संध्याकाळी फ्लॅट विकणारे आमच्यात कमी नव्हते.

पण नंबरापेक्षा तुम्ही त्याला हे विचारा: विक्रेत्याकडूनही घेतोयस का? नव्या प्रकल्पात चॅनल पार्टनरला, म्हणजे बिल्डरसाठी गिऱ्हाइक आणणाऱ्या एजंटला, दलाली बिल्डर देतो. गिऱ्हाइकाला सेवा फुकट वाटते, आणि एजंट नेतो मात्र जास्त टक्के देणाऱ्या साइटवर. रिसेलमध्ये दोन्ही पार्ट्यांकडून घ्यायची पद्धत आहे. मग भावाची घासाघीस सुरू झाली की तो तुमचा की विक्रेत्याचा, हे त्यालाही सांगता येत नाही. दोन्हीकडून घेत असेल तर तुमच्याकडून १ टक्का पुरे.

घर शोधून देण्याचे दिवस तर संपलेच. ते काम वेबसाइटींनी काढून घेतलं आणि नुसती किल्ली घेऊन फ्लॅट दाखवण्याचे २ टक्के मागणं मलाही पटत नाही. आमचं खरं काम टोकन (बयाणा) दिल्यानंतर सुरू होतं. पहिल्या करारापासूनची कागदांची साखळी जुळते का, विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर बँकेतून मूळ कागद सुटणार कसे, मेंटेनन्सची थकबाकी किती. सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) हा तर स्वतंत्र अध्याय. हस्तांतरणासाठी जास्तीत जास्त २५ हजार रुपये घेता येतात, तरी काही कमिट्या देणगीच्या नावाखाली वाटेल तो आकडा सांगतात. तिथे चार वेळा जाऊन बोलणारा माणूस त्याला दिलेल्या दलालीचे पैसे वसूल करून देतो.

यातलं काय काय करणार, ते व्हॉट्सअॅपवर का होईना, त्याच्याकडून लिहून घ्या. दलाली दोन हप्त्यांत ठरवा: अर्धी करार रजिस्टर झाल्यावर, उरलेली ताबा मिळून सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढल्यावर. ‘वर जीएसटी लागेल’ म्हणाला तर जीएसटी नंबर असलेलं बिल मागा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा ती नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर त्याला जीएसटी घेता येत नाही. आणि एजंट कितीही चांगला निघाला तरी सर्च रिपोर्ट (मालकी हक्काच्या तपासणीचा अहवाल) तुमच्या स्वतःच्या वकिलाकडूनच काढा, त्याने सुचवलेल्या नव्हे.