ऑनलाइन ओळख झालेला माणूस खरा आहे की फसवतोय, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की सात महिने तो रोज बोलतोय, एकदाच थोडे पैसे उसने घेतले आणि सांगितल्या दिवशी परतही केले. ते 'परत केले' वाचलं आणि राहवलं नाही.

माझ्या ताईलाही परत मिळाले होते. तिचा 'तो' भर समुद्रात तेलविहिरीवर इंजिनिअर. कार्ड अडकलंय म्हणून किरकोळ रक्कम मागितली, आठ दिवसांत फेडली, वर माफीचा हा एवढा लांब मेसेज. त्या दिवसापासून ताईची शंकाच मिटली. पुढे यंत्र बिघडलं, मग दंड बसला, मग सुटका करून घ्यायची फी. दर वेळी खातं वेगळ्याच कुणाच्या नावावर. पाच महिन्यांत तिची सगळी पुंजी गेली.

मला पत्ता लागला तो तिच्या फोनमुळे. पडद्यावर दोन घड्याळं होती. 'हे दुसरं कुठलं गं?' असं विचारल्यावर तिने फोन पालथा ठेवला. त्या रात्री मग तिने सगळं दाखवलं. भावजी गेल्यापासून 'जेवलीस का?' असं विचारणारं तिला कुणी नव्हतं. तो दिवसातून दोनदा विचारायचा. आम्ही भावंडं महिन्यातून एखादा फोन करायचो.

दादा मात्र ऐकल्या ऐकल्या म्हणाला, 'शिकलेली बाई, आणि एवढी अक्कल नाही? हाव नडते माणसाला.' हाव कसली? तिला एक पैसा मिळायचा नव्हता, ती देत होती. आणि समोर कुणी एकटा भामटा नसतो. म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं डांबून त्यांच्याकडून असली ऑनलाइन फसवणूक करून घेतली जात असावी, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये दिला. एवढ्या यंत्रणेपुढे दादाची अक्कल तरी किती टिकली असती?

फ्रान्समध्ये जानेवारी २०२५ मध्ये एका बाईची हकीकत टीव्हीवर दाखवली. हॉलिवूडचा नट ब्रॅड पिट असल्याचं भासवून तिच्याकडून ८,३०,००० युरो उकळले होते. लोकांनी तिची इतकी टिंगल केली की वाहिनीने तो कार्यक्रम मागे घेतला. अशी टिंगल पाहिलेली दुसरी बाई तोंड उघडेल का? ताईला तिसऱ्याच मागणीला संशय आला होता. दादा हसेल म्हणून ती गप्प राहिली आणि आणखी चार वेळा पैसे भरत गेली.

आता तुमचं. त्याचे फोटो गूगल लेन्सवर, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधणाऱ्या साधनावर, टाकून बघा, बऱ्याचदा ते तिसऱ्याच कुणाचे निघतात. मग त्याला सांगा, 'यापुढे पैशांचा व्यवहार नाही, आणि तुझ्याबद्दल मी घरी सांगितलंय.' खरा माणूस घरच्यांशी बोलायला तयार होतो. खोटा रुसतो, 'आपल्या दोघांतलं बाहेर का नेलंस?' म्हणतो. ताईचा असाच रुसला होता.

हो, एक राहिलं. फोटो कुठेच सापडला नाही म्हणजे माणूस खरा, असं धरू नका. आता चेहरेही बनवता येतात, व्हिडिओ कॉलवरसुद्धा. आणि तो लगेच मागत नसेल, उलट क्रिप्टोमध्ये, म्हणजे आभासी चलनात, स्वतः कसा कमावतो ते दाखवत असेल, तरी तीच वाट आहे. तो ज्या ॲपवर तुम्हाला पैसे गुंतवायला लावतो, त्यावरचा नफा नुसता आकडा असतो, काढायला गेलात की आधी 'कर' भरायला सांगतात.

पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी बँकेला कळवा, पोलिसांत जा, रागाच्या भरात चॅट पुसू नका, तोच पुरावा आहे. त्यानंतर 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा' असा फोन येऊ शकतो. तीही फसवणूकच. ताईला तो आला तेव्हा तिने काही न बोलता फोन माझ्या हातात दिला. दादा शेजारीच बसला होता.