पौल बढाई मारतो, मग नम्रता कुठे राहिली?

तुमचा प्रश्न असा की, इतरांना नम्रता शिकवणारा प्रेषित पौल 2 करिंथ, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या त्याच्या दुसऱ्या पत्रात, अध्याय 11 आणि 12 मध्ये स्वतःचीच थोरवी का सांगतो, आणि हे ख्रिस्ती माणसाला खटकत नाही का? मला खटकायचं. बरीच वर्षं ते अध्याय मी भराभर वाचून पुढे जायचो.

आधी शब्दाचं सांगतो. ग्रीकमध्ये पौल 'कौखाओमाई' हे एकच क्रियापद वापरतो. मराठीत त्याचं कधी 'अभिमान बाळगणे' होतं, तर कधी 'प्रौढी मिरवणे'. त्यामुळे आपल्याला एक बरी आणि एक वाईट अशा दोन गोष्टी दिसतात. मूळ वाचकासमोर एकच होती. प्रश्न एवढाच, की अभिमान कशाचा? जुन्या करारातल्या यिर्मया 9:23-24 मध्ये ज्ञान, बळ आणि संपत्ती यांची बढाई नको म्हटलंय, पण देवाला ओळखण्याचा अभिमान खुशाल बाळगा म्हटलंय. 1 करिंथ 1:31 मध्ये पौल याच वचनाचा आधार घेतो.

आता प्रसंग पाहा. करिंथच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायात, दुसरे उपदेशक शिरले होते. बोलण्यात पटाईत, वंशाचा तोरा मिरवणारे. पौल त्यांना उपरोधाने 'अतिश्रेष्ठ प्रेषित' म्हणतो. आपण उभी केलेली मंडळी त्यांच्यामागे चाललेली पाहून तोही आपली यादी काढतो, आणि 'हे मी मूर्खासारखं बोलतोय' असं स्वतःच बजावत राहतो. यादीत काय आहे? पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीनदा फुटलेलं जहाज. आणि शेवटी दिमिष्क (दमास्कस) शहरातली ती रात्र: अरीतास राजाचा अधिकारी पकडायला टपलेला, आणि पौलाला पाटीत, म्हणजे टोपलीत, बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडलेलं.

ही पाटी मला फार मोलाची वाटते. रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर सर्वांत आधी चढणाऱ्याला सोन्याचा मुकुट मिळे. करिंथ रोमन वसाहत होती, तिथल्या लोकांना हा मान माहीत असणार. पौल त्यांना सांगतो, मी तटावरून उतरलो, तोही पळून जाताना. त्याचा रोख त्या मुकुटाकडेच होता असं काही अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं.

तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेल्याचा अनुभव तर तो 'मला एक माणूस ठाऊक आहे' असं म्हणून परक्यासारखा सांगतो, चौदा वर्षांनी. त्याला लागूनच शरीरातल्या काट्याबद्दल, म्हणजे त्याला सतत छळणाऱ्या त्रासाबद्दल, मात्र 'मी' म्हणून बोलतो. तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही. प्रभूचं उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरे आहे.'

तरी 'देवाचा अभिमान बाळगला की झालं' असं मी म्हणणार नाही. लूक 18 मधल्या येशूच्या दाखल्यातल्या परूशाची, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या माणसाची, प्रार्थना पाहा: 'हे देवा, मी तुझे आभार मानतो.' श्रेय देवालाच आहे की! पण पुढच्याच शब्दांत त्याची नजर दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे वळते, मी याच्यासारखा नाही म्हणून. मी सभेत साक्ष द्यायला उभा राहिलो तेव्हा माझंही नेमकं हेच झालं होतं. बोलत होतो देवाबद्दल, मनात मोजत होतो आधी बोलून गेलेल्या मंडळीतल्या भावाला. त्या दिवसापासून हा दाखला मला वाचायला जड जातो.

पौलही तुलनेतून पूर्ण सुटलेला नाही. अध्याय 10 मध्ये 'आम्ही स्वतःची तुलना करत नाही' म्हणतो, आणि अध्याय 11 मध्ये 'ते ख्रिस्ताचे सेवक? मी अधिक आहे' असं लिहून जातो. ही ओळ सारवून गुळगुळीत करावी असं मला वाटत नाही. 1 करिंथ 15:10 मध्येही तो आधी लिहितो, 'सर्वांपेक्षा मी जास्त श्रम केले', आणि तिथेच थबकून जोडतो, 'मी नव्हे, तर माझ्याबरोबर असलेली देवाची कृपा'. त्याने पहिलं वाक्य खोडलं नाही. तुम्ही 11 आणि 12 हे दोन्ही अध्याय सलग, मोठ्याने वाचून पाहा. कुठे त्याचा आवाज चढतो आणि कुठे तो स्वतःला आवरतो, ते कानाला कळतं.