हीटमॅपवर सगळं शहर लाल दिसतंय, आता पुढे काय?

तुमचा प्रश्न असा की ५ वर्षांच्या अपघातांची एक्सेल शीट मिळालीये, अक्षांश-रेखांश आहेत, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून हीटमॅप (जिथे पॉइंट दाट तिथे लाल) केला तर शहराचा मधला सगळा भाग लाल झाला, मग आता यातून धोकादायक जागा कशा काढायच्या. उत्तर जरा लांबणार आहे, कारण बरेच जण हीटमॅपवरच थांबतात, आणि अशाच नकाशांवरून पुढे दुरुस्तीचे पैसे कुठे जाणार ते ठरतं, म्हणून नीट लिहितो.

आधी तो लाल रंग. तुम्ही लेयरच्या सिंबॉलॉजीतला, म्हणजे रंगरूपाच्या सेटिंगमधला हीटमॅप वापरला असणार, त्याची रेडियस बाय डीफॉल्ट १० मिलिमीटर असते, आणि हे मिलिमीटर स्क्रीनवरचे, जमिनीवरचे नाहीत. झूम आउट केलं की त्या १० मिलिमीटरमध्ये शहराचा मोठा भाग मावतो आणि सगळं लाल होतं, झूम इन केलं की चित्र पार बदलतं. त्याऐवजी प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं कर्नल डेन्सिटीचं (प्रत्येक पॉइंटभोवतीच्या ठरावीक अंतरात दाटी मोजणारं) टूल घ्या, पण त्याआधी लेयर यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत, रीप्रोजेक्ट करा, नाहीतर ते रेडियस डिग्रीत घेईल आणि १ डिग्री अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर.

आता डेटा, कारण खरा वेळ इथेच जातो आणि जायलाच पाहिजे. पहिलं काम म्हणजे आकड्यात दशांश चिन्हानंतर किती अंक आहेत ते बघा. २ अंक असतील तर ती जागा साधारण किलोमीटरभर इकडेतिकडे असू शकते, ३ असतील तर १०० मीटरच्या आसपास, ४ असतील तर १०-११ मीटर. २ अंकवाल्या रो चौकाच्या अ‍ॅनालिसिसमध्ये घेऊच नका, वेगळ्या काढून ठेवा. दुसरं, तंतोतंत एकाच पॉइंटवर एकावर एक बसलेले अपघात शोधा. ग्रुप बाय करून काउंट काढला की लगेच दिसतात. एखाद्या पॉइंटवर ढीगभर अपघात निघाले तर तो खरंच भयंकर चौक असू शकतो, पण बऱ्याचदा ती पोलीस स्टेशनची जागा असते, किंवा जिओकोडरला (पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढणाऱ्या प्रोग्रॅमला) पत्ता सापडला नाही म्हणून त्याने शहराचा मध्यबिंदू देऊन टाकलेला असतो. तुमचा मधला भाग लाल असण्याचं एक कारण हेही असू शकतं, आधी हे तपासाच. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल आणि ०,० वाल्या रो तर नकाशा झूम आउट केला की समुद्रातबिमुद्रात दिसतातच, त्या सोप्या.

मग पॉइंट रस्त्यावर बसवणं, म्हणजे स्नॅपिंग. अपघात रस्त्यावर होतात, घरांच्या छपरांवर नाही, त्यामुळे रस्त्याची लाइन लेयर लागणारच, ओपनस्ट्रीटमॅप या फुकट नकाशाची चालते. पण डोळे झाकून जवळच्या लाइनवर स्नॅप करू नका. उड्डाणपूल आणि त्याखालचा सर्व्हिस रोड नकाशावर जवळजवळ एकाच जागी असतात, वर झालेला अपघात खाली बसतो आणि मग तुम्ही खालच्या रस्त्यावर गतिरोधक सुचवता! अंतराची मर्यादा ठेवा, २०-३० मीटर वगैरे, आणि शीटमध्ये रस्त्याचं नाव असेल तर ते जुळतंय का बघा. जे जुळत नाहीत ते घटनेचं वर्णन वाचून हाताने बसवा, कंटाळवाणं काम आहे पण याला पर्याय नाही, आणि ती वर्णनं वाचताना जे कळतं ते कुठल्याच टूलमधून कळत नाही.

स्नॅपिंग झालं की साध्या कर्नल डेन्सिटीपेक्षा नेटवर्कवाली करा. साधी पद्धत सरळ रेषेतलं अंतर धरते, त्यामुळे नदीच्या दोन काठांवरचे रस्ते किंवा दोन समांतर रस्ते एकमेकांना लाल करून टाकतात. नेटवर्कवाली रस्त्यावरून जाणारं अंतर धरते. आर ही आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा येत असेल तर एसपीनेटवर्क नावाचं पॅकेज आहे, ते हेच करतं. बँडविड्थसाठी, म्हणजे किती अंतरापर्यंतचे अपघात धरायचे त्यासाठी, एकच बरोबर आकडा नसतो, १०० मीटर, २०० मीटर, ४०० मीटर असं करून बघा आणि तिन्हीत टिकणाऱ्या जागा आधी हातात घ्या.

तुम्ही गेटिस-ऑर्डचं हॉटस्पॉट टूल (मोठे आकडे योगायोगापेक्षा जास्त कुठे एकवटलेत ते काढणारं) वापरू का असंही विचारलंय. वापरा, पण कच्च्या पॉइंटवर नाही. त्याला प्रत्येक फीचरला, म्हणजे नकाशावरच्या प्रत्येक घटकाला, एक आकडा लागतो, म्हणून आधी रस्त्याचे साधारण सारख्या लांबीचे सेगमेंट करा आणि प्रत्येकातले अपघात मोजा. इथे सेगमेंट कुठून कापले यावर निकाल बदलतो. उदाहरणार्थ भारतात राष्ट्रीय महामार्गांसाठी वापरली जात आलेली ब्लॅकस्पॉटची व्याख्या बघा: सुमारे ५०० मीटरचा पट्टा, ३ कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी असलेले ५ अपघात, किंवा १० मृत्यू. समजा तुम्ही शून्यापासून ५००-५०० मीटरचे तुकडे केले आणि एका वळणावरचे ६ अपघात बरोबर तुकड्यांच्या सीमेवर आले, ३ इकडे ३ तिकडे, तर दोन्ही तुकडे पास आणि वळण यादीतून गायब. म्हणून ५०० मीटरची खिडकी ५०-५० मीटरने पुढे सरकवत मोजायचं. चौकांचंही तसंच, चौकाभोवती बफर (ठरावीक अंतराचं वर्तुळ) टाकून तिथले अपघात आधी चौकाला देऊन टाका, नाहीतर तेच अपघात येणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या खात्यात परत परत मोजले जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शहराचा मधला भाग लाल असण्याचं साधं कारण हे की तिथे गाड्या आणि माणसं जास्त आहेत. अपघातांना ट्रॅफिकने भागल्याशिवाय धोका कळत नाही, त्यामुळे ट्रॅफिकचे आकडे मिळवा, थोड्या रस्त्यांचे मिळाले तरी चालतील. पण नुसता दर काढूनही फसायला होतं, कारण ट्रॅफिक दुप्पट झालं म्हणून अपघात दुप्पट होतातच असं नाही, आणि अगदी कमी ट्रॅफिकच्या रस्त्यावर एक अपघात झाला तरी दर आकाशाला भिडतो. शिवाय वाईट जागा निवडताना त्यात नशिबाचाही भाग असतो. एखाद्या वर्षी सगळ्यात जास्त अपघात झालेल्या १० जागा काढा आणि काहीही करू नका, पुढच्या वर्षी त्यांतल्या बऱ्याच जागांचा आकडा आपोआप खाली येतो, आणि तिथे मधल्या काळात कॅमेरा लावला असेल तर सगळं श्रेय कॅमेऱ्याला मिळतं. यासाठी एम्पिरिकल बेज पद्धत आहे, एझ्रा हॉअर या संशोधकांनी ती रस्ता सुरक्षेत रुजवली आणि अमेरिकेतल्या आश्टो या राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या २०१० च्या हायवे सेफ्टी मॅन्युअलमध्येही ती आहे. त्या जागेचा प्रत्यक्ष आकडा आणि तशाच प्रकारच्या रस्त्यांवर अपेक्षित असलेला आकडा, दोन्हींना वजन देऊन मधला अंदाज काढायचा. अपेक्षित आकड्यासाठी निगेटिव्ह बायनॉमियल नावाचं, मोजणीच्या आकड्यांसाठीचं सांख्यिकी मॉडेल लावतात. तुमच्याकडे ट्रॅफिकचे आकडे असतील तर मी तरी हेच करा म्हणेन, हॉटस्पॉट टूल दुय्यम.

मृत्यूला जास्त वजन द्यायचं का, तर द्या, पण फार मोठं दिलंत तर एका मृत्यूची जागा १५ जखमींच्या चौकाच्या वर जाऊन बसते. मी मृत्यू आणि गंभीर जखमी एकत्र धरतो.

आणि सगळे अपघात एका नकाशात कोंबू नका हो. पादचारी वेगळे, दुचाकी वेगळ्या, रात्रीचे वेगळे. सगळे मिळून जो चौक साधाच वाटतो तो रात्रीच्या पादचारी अपघातांत अचानक वर येतो, आणि मग तिथे दिवे आणि क्रॉसिंग बघायचं हे लगेच कळतं. एक लक्षात ठेवा, एकट्या सायकल किंवा दुचाकी घसरण्याचे अपघात पोलिसांच्या नोंदीत फार कमी येतात, दवाखान्याचा डेटा मिळाला तर नकाशा बराच बदलतो. नावं आणि गाडी नंबर मात्र कोणाला फाइल द्यायच्या आधी काढून टाका.

यादी आली की वरच्या ८-१० जागांवर स्वतः जाऊन या, शक्यतो अपघात ज्या वेळी होतात त्याच वेळी. जाताना प्रत्येक जागेची टक्कर आकृती काढून न्या, कुठली गाडी कुठून येत होती आणि कशी धडकली ते बाणांनी. मागून धडकणं जास्त असेल तर सिग्नलची वेळ आणि रस्त्याची पकड बघा, समोरून येणाऱ्याच्या आडवं वळताना होत असतील तर वळणाऱ्याला समोरचं किती लांबपर्यंत दिसतं ते बघा.

हातात ट्रॅफिकचे आकडे नसतील आणि आधी सराव करायचा असेल तर ब्रिटनच्या परिवहन खात्याचा स्टॅट्स-१९ हा अपघातांचा डेटा फुकट मिळतो, १९७९ पासूनचा आहे. तुमच्या शीटमधल्या कॉलमची नावं इथे टाका, अपघाताचा प्रकार आणि वेळ दोन्ही आहेत का ते बघून सेगमेंट किती लांबीचे करायचे ते सांगतो.