वाचक विचारतात : ध्यानाला बसण्याआधी

या महिन्यात आलेली बरीच पत्रे ध्यानाविषयी आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

डोळे मिटले की विचारांची झुंबड उडते. मन शून्य होतच नाही. मग याला ध्यान म्हणायचे का? (सांगली)

‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’, म्हणजे चित्ताच्या वृत्ती थांबणे हाच योग, हे पतंजलींच्या योगसूत्रांतले दुसरेच सूत्र असल्यामुळे सुरुवातीलाच विचार थांबले पाहिजेत, असा अनेकांचा समज होतो. ते सूत्र मुक्कामाविषयी आहे. वाट पुढे सांगितली आहे. योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात (भागात) आधी धारणा येते, म्हणजे चित्त एका जागी बांधणे. आणि तिथे तोच एक प्रत्यय, म्हणजे त्याच विषयाची जाणीव, अखंड चालू राहिली की ते ध्यान. घरी पंधरा-वीस मिनिटे बसणारे बहुतेक जण, काटेकोर बोलायचे तर, धारणेचाच अभ्यास करत असतात. त्यात कमीपणा काही नाही. मन सुटले हे लक्षात येणे आणि ते परत आणणे, एवढेच काम आहे. अर्ध्या तासात ते शंभरदा करावे लागले तरी बैठक वाया गेली असे समजू नका. पतंजलींनीच नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, मोजून दिले आहेत. त्यांत आजारपण, संशय, आळस तर आहेतच, पण गाठलेली पायरी टिकून न राहणे हेही आहे. तेव्हा काल छान लागले आणि आज लागत नाही, ही तक्रार जुनीच आहे.

ध्यान मूळचे कोणाचे, योगाचे की बौद्धांचे? (छत्रपती संभाजीनगर)

दोघांचे, आणि जैनांचेही. उपनिषदांत इंद्रिये आवरून बसण्याचे वर्णन आहे. पाली ग्रंथांप्रमाणे सिद्धार्थ गौतम ज्ञानप्राप्तीपूर्वी आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ध्यान शिकला होता. म्हणजे शिकवणारे आधीपासून होतेच. आपल्याकडचा पुरावा पाहायचा तर मुंबईतल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत जा. भिक्खूंच्या कोठड्यांत कातळातच कोरलेले ओटे दिसतील. मराठीत ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आहेच. त्यातले कुंडलिनीचे, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाशी सुप्त मानलेल्या शक्तीचे, विस्तृत वर्णन मूळ गीतेच्या श्लोकांत नाही. ते नाथपंथाकडून आले. नवशिक्याने मात्र कुंडलिनीच्या ओव्यांपासून सुरुवात करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाठीत मुंगी चालली तरी शक्ती जागृत झाल्याचा भास होतो.

पाच मिनिटांत पाय बधिर होतात, पाठ दुखते, आणि दुपारी बसलो तर चक्क झोप लागते. बसायचे तरी कसे? (सातारा, ठाणे आणि इतर)

सर्वांत जास्त पत्रे याच तक्रारीची आहेत, म्हणून जरा सविस्तर.

गीतेने आसन फार उंच नको, फार खाली नको असे सांगितले आहे. धड, मान, डोके एका रेषेत हवे. जमिनीवर नुसती सतरंजी टाकून मांडी घातली की गुडघे कमरेपेक्षा वर राहतात, कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि दहाव्या मिनिटाला ठणका सुरू होतो. उपाय साधा आहे. घोंगडी किंवा जाड चादर घडी घालून तीन-चार इंच उंचीची करा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा. संपूर्ण घडीवर बसलात तर मांडीच्या मागच्या बाजूवर दाब येतो. गुडघे कमरेपेक्षा थोडे खाली आले पाहिजेत. अधांतरी राहत असतील तर त्यांखाली टॉवेलची गुंडाळी सरकवा. पद्मासनाचा हट्ट नको, साधी मांडी पुरते. गुडघेदुखी असेल तर खुर्ची घ्या, पाठ टेकू नका, दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण लागू द्या.

बधिरपणा मुख्यतः नसांवर दाब पडल्याने येतो. पाय लांब केल्यावर एक-दोन मिनिटांत मुंग्या येऊन तो जातो. तो जाईपर्यंत उभे राहू नका. बधिर पाऊल टेकताना घोटा मुरगळतो, आणि ध्यानाला दोष लागतो.

झोपेचे कारण बहुधा ताटात असते. भरपेट जेवणानंतर निदान अडीच तास जाऊ द्या. पहाटे बसत असाल तर आधी गार पाण्याने तोंड धुवा. तरीही पेंग आली तर डोळे अर्धे उघडून नजर तीन-चार फुटांवर जमिनीला ठेवा. रात्रीची झोपच पाच तासांची असेल, तर आधी ती वाढवा.

आता श्वास. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास जाणवू द्या, प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा मोजा, दहा झाले की पुन्हा एक. मोजता मोजता सतरावर पोहोचलात, तर तोंड मोजत होते आणि मन बाजारात गेले होते. पुन्हा एकपासून सुरू करा. श्वास मुद्दाम खोल किंवा जलद करू नका. तसे केल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. काही जण त्यालाच अनुभव समजतात. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटे पुरे. गजर लावून फोन हात पोहोचणार नाही इतका दूर ठेवा.

रक्तदाब, निद्रानाश, स्मरणशक्ती, वजन, सगळ्यांवर ध्यान गुणकारी असल्याचे ऐकतो. खरे किती? (नाशिक)

२०१४ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा, सुमारे साडेतीन हजार लोकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम दर्जाचा पुरावा आणि माफक फायदा दिसला. झोप, एकाग्रता, वजन यांबाबत भक्कम पुरावा मिळाला नाही. औषधे किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे, असेही दिसले नाही. ‘सर्व रोगांवर एकच उपाय’ म्हणणाऱ्यांकडे हे आकडे सरकवावेत. रक्तदाबाची गोळी सोडू नका. मात्रा कमी करायची की नाही ते डॉक्टर नोंदी पाहून ठरवतील.

आजवर ध्यान केलेले नाही. थेट इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले तर चालेल? (पणजी)

नियमाने चालते, पूर्वानुभवाची अट नाही. पण काय पत्करतो आहोत ते माहीत असू द्या. पहाटे ४ वाजता घंटा होते, दिवसभरात सुमारे दहा तास ध्यान असते. फोन जमा होतो आणि दहाव्या दिवसापर्यंत मौन असते. पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहणे, शिकवतात. त्यानंतर रोज तीन वेळा तासभर शक्यतो न हलता बसायचे असते. संध्याकाळी नव्या साधकांना चहा आणि फळे मिळतात, जेवण नाही. शुल्क नसते; शिबिर पूर्ण करणाऱ्यांकडूनच दान घेतात. जाण्याआधी महिनाभर रोज अर्धा तास बसून पाहिलेत तर गुडघ्यांना धक्का कमी बसेल.

एक गोष्ट मात्र लपवू नका. पूर्वी मनोविकाराचा झटका येऊन गेला असेल, उन्माद-नैराश्याचा आजार असेल किंवा त्यावर औषधे चालू असतील, तर अर्जात तसे लिहा आणि आपल्या मनोविकारतज्ज्ञांशी बोलूनच ठरवा. दीर्घ मौनात दबलेले बरेच काही वर येते, आणि अशा वेळी काहींची प्रकृती बिघडू शकते. घरी रोज दहा मिनिटे बसतानाही भीती किंवा अस्वस्थता वाढत चालली असेल तर डोळे उघडा, उठून चाला, आणि काही दिवस बैठक बंद ठेवून सल्ला घ्या.