वादकांसमोर नोटेशन असतंच, मग कंडक्टर काय करतो? आणि पियानोवादक पाहुणा असेल तर मैफल कोणाची?

तुम्ही लिहिलंय की हिंदुस्थानी संगीत ऐकण्यात आयुष्य गेलं, आता पहिल्यांदाच मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला जाताय. पियानोवादक बाहेरून येणार, कंडक्टरही पाहुणा. मग सगळ्यांपुढे छापील नोटेशन असताना काठी हलवणाऱ्या माणसाची गरज काय, आणि या दोघांत मुख्य कोण?

मी तबल्याची साथ करतो. मलाही हेच प्रश्न पडायचे. उत्तर मिळालं ते मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या एका कार्यक्रमात. (हा वाद्यवृंद 2006 साली सुरू झाला, कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मराट बिसेनगालिएव्ह यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली.) त्या दिवशी बेथोव्हनचा चौथा पियानो कन्चेर्टो होता. (कन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांनी मिळून वाजवायची रचना, बहुधा तीन भागांची.)

आधी गरजेचं बोलू. मंचावर साठ-सत्तर माणसं बसलेली असतात. एका टोकाच्या व्हायोलिनपासून दुसऱ्या टोकाच्या डबल बेसपर्यंत पंधरा मीटर अंतर धरा. तेवढं कापायला आवाजाला सेकंदाचा साधारण विसावा-पंचविसावा भाग लागतो. म्हणजे प्रत्येक जण कानावर विसंबून वाजवू लागला, तर मागचा वादक कायम उशिराच येणार. म्हणून लय डोळ्यांनी धरावी लागते, आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी एक हात लागतो.

पण नुसती लय दाखवायची तर ते काम मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्रही करेल. हात खाली आल्यावर ठोका पडतो, तो आपल्यालाही दिसतो. वादकांना हवा असतो त्याआधीचा क्षण, हात वर जातानाचा. तो किती वेगाने गेला, मनगट सैल होतं की ताठ, यावरून पुढचा स्वर केवढा, कसा आणि कधी, हे सगळं ठरतं. गवई मुखडा उचलण्याआधी श्वास घेतो आणि आम्ही तबलजी त्या श्वासाकडे डोळे लावून बसतो ना, तसंच.

पाहुण्या कंडक्टरकडे त्यासाठी वेळ फार थोडा असतो. बहुतेक ठिकाणी तीन-चार दिवसांच्या तालमी मिळतात, आणि पियानोवादक त्यातल्या शेवटच्या एक-दोन तालमींनाच येतो. त्याआधी दोघं एका खोलीत बसून कुठे थांबायचं, कुठे लय सैल सोडायची हे ठरवतात. मोठ्या सिम्फनीत, म्हणजे संपूर्ण ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेत, कंडक्टर आपलं म्हणणं मांडू शकतो. कन्चेर्टोत मात्र त्याला साथ करावी लागते. पाहुणा कंडक्टर किती तयारीचा आहे हे मी तरी सिम्फनीवरून ठरवत नाही, कन्चेर्टोवरून ठरवतो.

बेथोव्हनच्या या चौथ्या कन्चेर्टोची सुरुवातच त्यासाठी ऐकण्यासारखी आहे. त्या काळी आधी ऑर्केस्ट्रा बराच वेळ वाजवायचा आणि मग पियानो यायचा. इथे पियानो एकटाच, अगदी हळू सुरू करतो. जेमतेम पाच बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट), की थांबतो. मग व्हायोलिन वगैरे तारवाद्यं उत्तर देतात, पण भलत्याच जागेवरून. आपल्या भाषेत सांगायचं तर पियानोचा जो शुद्ध गंधार, त्यालाच षड्ज मानून ते उत्तर येतं, आणि तेही दबक्या आवाजात. आता कंडक्टरची अडचण बघा. लय त्याने दिलेलीच नाही, ती पियानोवादकाने पाच बारमध्ये ठेवून दिली आहे. ती जशीच्या तशी उचलून सगळ्या वादकांच्या हातात द्यायची, तीही आवाज न वाढवता.

मी डावीकडे तिसऱ्या रांगेत होतो. पियानो सुरू झाला तेव्हा कंडक्टरचे दोन्ही हात खाली होते आणि मान पियानोवादिकेकडे वळलेली होती. तिच्या शेवटच्या स्वराचा नाद विरत आला तसा त्याचा उजवा हात वर गेला, फार तर चार बोटं. तारवाद्यं आत आली, आणि ती नक्की कुठे आली ते मला सांगता येईना. उत्तम संगतकार समेच्या आधी हलकेच ठेका धरतो तेव्हा असंच होतं. माझ्या अंगावर काटा आला होता.

या कन्चेर्टोच्या दुसऱ्या भागात फक्त तारवाद्यं आणि पियानो. तारवाद्यं दरडावल्यासारखी बोलतात, पियानो हळुवार उत्तर देत राहतो, आणि शेवटी तीच नमतात. तिसरा भाग लगेच, न थांबता सुरू होतो. टिंपनी (मोठे नगारे) आणि ट्रंपेट तोवर गप्प असतात, ते या भागातच येतात.

मुख्य कोण, यावर मोठमोठ्यांचे मतभेद झालेत. 6 एप्रिल 1962 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ब्राम्सचा पहिला पियानो कन्चेर्टो होता, पियानोवर ग्लेन गूल्ड. त्यांची लय फारच संथ होती. कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन यांनी वाजवण्याआधी श्रोत्यांकडे वळून सांगितलं की ही मांडणी मला पटलेली नाही. कन्चेर्टोत मालक कोण, हा प्रश्नही त्यांनी तिथेच बोलून दाखवला. पण गूल्ड यांच्या विचाराबद्दल आदर आहे म्हणून मी साथ करतोय, असं म्हणून त्यांनी त्याच लयीत सगळं निभावून नेलं. मला यात बर्नस्टाइन मोठे वाटतात. न पटलेल्या लयीत मनापासून साथ करणं किती अवघड असतं, ते साथीला बसलेल्यालाच ठाऊक.

आता तुमच्या कार्यक्रमाबद्दल. वाद्यं जुळवण्यापासूनच लक्ष द्या. एरवी ओबो हे सनईसारखं वाद्य स्वर देतं आणि बाकीचे त्यावर जुळवतात. कन्चेर्टोच्या वेळी बहुधा पहिला व्हायोलिनवादक उठून पियानोची एक पट्टी दाबतो आणि सगळे तिच्यावर जुळवतात, कारण पियानो ऐन वेळी कुणासाठी खालीवर करता येत नाही.

पहिल्या भागाच्या शेवटाकडे बहुधा कडेन्झा येईल. ऑर्केस्ट्रा थांबतो, पियानोवादक एकटा वाजवतो. त्या वेळी कंडक्टरकडे बघा. आमचा तबला नुसता ठेका धरून राहतो, कंडक्टरला तर हातही हलवायचा नसतो. शेवटी दोन स्वरांचं झपाट्याने एकाआड एक फिरणं ऐकू येईल. तिहाई सुरू झाली की आम्ही सावरून बसतो, तसा कंडक्टर तिथे हात उचलतो.

टाळ्यांचं म्हणाल, तर भागांच्या मध्ये वाजवत नाहीत. मनातून दाद आली तरी कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा.

तिकीट अजून काढलं नसेल तर मंचाकडे तोंड करून डावीकडची जागा घ्या. पियानोचं झाकण वादकाच्या उजव्या हाताला उघडतं, ती बाजू श्रोत्यांकडे ठेवतात, त्यामुळे वादक डावीकडे बसतो आणि त्याची बोटं डावीकडूनच नीट दिसतात, आणि कंडक्टर त्या बोटांकडे कधी बघतो तेही तिथूनच कळतं.